एफएमला बँडविड्थ किती ठेवायची?

बँडविड्थ (स्टेशनाभोवतीचा जेवढा फ्रिक्वेन्सीचा पट्टा सेट आत घेतो, त्याची रुंदी) अरुंद केली की आवाज स्वच्छ होतो, ही सवय मीडियम वेव्ह ऐकणाऱ्यांची. एफएमवर ती अंगाशी येते.

एफएममध्ये आवाज जितका मोठा, तितकी फ्रिक्वेन्सी जागेवरून लांब सरकते. ब्रॉडकास्टला ही सरक दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपर्यंत असते. त्यात १५ किलोहर्ट्झचा ऑडिओ मिळवा आणि दुप्पट करा, १८० किलोहर्ट्झ झाले. म्हणजे आकाशवाणी कोल्हापूरचं १०२.७ लावलं की मोनोलाही एवढी रुंदी लागते. स्टिरिओचा हिशेब अडीचशेवर जातो, पण २०० वर कान तक्रार करत नाही.

टीईएफ६६८६ या रेडिओ चिपच्या सेटवर ५६ ते ३११ किलोहर्ट्झपर्यंत पर्याय मिळतात. राजारामपुरीत घरी बसून गावातलीच स्टेशनं ऐकायची तर ऑटोवर ठेवा आणि विसरा. पन्हाळ्यावर किंवा जोतिबाच्या डोंगरावर गोष्ट वेगळी. तिथं समोर आडवं काही नसल्यानं लांबची स्टेशनं येतात, आणि दणकट स्टेशनाच्या १०० किलोहर्ट्झ शेजारी एखादं मरतुकडं असतं. तिथं ११४ किंवा ९७ लावा, त्याखाली शक्यतो नको. ५६ वर निवेदक बरा वाटतो, पण हलगी कडाडली की आवाज फाटतो. व्हॉल्यूम कमी करून बघा. तरीही फाटत असेल तर दोष स्पीकरचा नाही, सिग्नल फिल्टरमध्येच कापला जातोय.

नुसती खरखर असेल तर बँडविड्थला हात लावण्याआधी स्टिरिओ बंद करा. स्टिरिओला मोनोपेक्षा साधारण २० डेसिबल जास्त सिग्नल लागतो, त्यामुळे एवढ्यानंच बहुतेक वेळा काम होतं. एरियल ७५ सेंटिमीटर बाहेर काढा. ९८ मेगाहर्ट्झच्या तरंगलांबीच्या साधारण पाव भागाएवढी ती लांबी आहे.

एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) वापरणाऱ्यांची गफलत मोडमध्ये होते. वॉकीटॉकी आणि १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमधले हॅम (हौशी रेडिओवाले) यांची सरक जेमतेम ५ किलोहर्ट्झ, त्यांना १६ किलोहर्ट्झ पुरतात. ते डब्ल्यूएफएमवर (ब्रॉडकास्टच्या रुंद एफएमवर) ऐकलं तर बोलणं पंधरापट बारीक येतं आणि खरखरीत बुडतं. उलट ब्रॉडकास्ट एनएफएमवर (अरुंद एफएमवर) लावलं तर नुसता फुटका पत्रा.

बाहेरून मागवलेला सेट दबका वाजत असेल तर मेनूत डी-एम्फसिस (प्रसारणात मुद्दाम वाढवलेले वरचे स्वर परत खाली आणणारी सेटिंग) बघा. अमेरिकेसाठी ते ७५ मायक्रोसेकंदांवर असतं, आपल्याकडे ५० हवं.