नुब्रा शीट: पावणेचार किलोमीटरचा हिशोब लागला

लडाखच्या नुब्रा खोऱ्याचा, एका इंचाला चार मैल प्रमाणाचा, भारतीय सर्वेक्षणाचा १९०५ पूर्वीचा नकाशा (शीट) स्कॅन करून आजच्या अक्षांश-रेखांशांवर बसवतो आहे; त्याचे घोडे अखेर पुढे सरकले आहे. क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत अक्षांश-रेखांशांच्या छेदबिंदूंवर दिलेले कंट्रोल पॉइंट (जुळणीचे बिंदू) चोख बसत होते, आरएमएस म्हणजे जुळणीतली सरासरी चूक नगण्य येत होती, आणि तरीही सुमूर व पनामिक ही गावे उपग्रहचित्रावर नुब्रा नदीचा काठ सोडून पूर्वेकडच्या डोंगरात चढून बसत होती. पहिला संशय साहजिकच एव्हरेस्ट १८३० या एलिप्सॉइडवर, म्हणजे जुन्या भारतीय नकाशांसाठी पृथ्वीचा जो आकार गृहीत धरला होता त्यावर होता. परंतु तिथून डब्ल्यूजीएस ८४ या आजच्या, जीपीएसच्या पद्धतीवर येताना या भागात फरक पडतो तो शंभर-सव्वाशे मीटरचा, म्हणजे या प्रमाणावर कागदावरचा जेमतेम अर्धा मिलिमीटर. इथे तर जवळजवळ दीड सेंटिमीटरची तफावत होती.

उत्तर रेखांशातच होते. तारायंत्राच्या साहाय्याने ग्रिनिचशी नव्याने जोडणी झाल्यावर भारतीय सर्वेक्षणाच्या रेखांशांतून २ मिनिटे २७ सेकंद वजा करण्याचे १९०५ मध्ये ठरले, आणि साडेचौतीस अंश अक्षांशावर तेवढ्याचे पावणेचार किलोमीटर होतात. ती वजाबाकी केली आणि पनामिक आपल्या जागी येऊन बसले! थिन प्लेट स्प्लाइन, म्हणजे प्रत्येक बिंदू जुळेपर्यंत नकाशा हवा तसा ताणणारी पद्धत, लावून सर्व काही जुळवण्याचा सल्ला अनेकदा मिळतो, पण त्याने असली पद्धतशीर तफावत रबरासारखी ताणली जाऊन दडते. साधा पहिल्या घाताचा पॉलिनॉमिअल, म्हणजे सगळा नकाशा एकसारखा सरकवणारे सूत्र, पुरेसा आहे.

पडताळणीसाठी श्योक व नुब्रा नद्यांचा संगम घेणार होतो, मात्र तो बेत सोडला. तिथले पात्र जटेसारखे विणलेले असून दर पुराला सरकते. त्यात १९२९ च्या ऑगस्टमध्ये चोंग कुमदान हिमनदीने श्योकवर घातलेला बर्फाचा बांध फुटून लोंढा आला होता. त्यापेक्षा एकोणिसाव्या शतकातले सर्वेक्षक माँटगोमेरी यांच्या काश्मीर सर्वेक्षणातील शिखरे भरवशाची, कारण ती दुरून त्रिकोणमितीने निश्चित केलेली आहेत. सासेर कांगरी, म्हणजे त्या सर्वेक्षणातले के-२२ क्रमांकाचे शिखर, आता पहिला बिंदू असेल.

वरच्या श्योकचा भाग मात्र वेगळ्या लेयरवर ठेवतो, कारण प्लेनटेबलवर (जागेवरच नकाशा काढण्याच्या तिपाईवरच्या फळीवर) रेखाटलेल्या तिथल्या घळी अजूनही एकसारख्या सरकत नाहीत. एका विक्रेत्याकडून विकत घेतलेल्या जेपेग स्कॅनमध्ये हॅश्युअरच्या, म्हणजे डोंगरउतार दाखवणाऱ्या, बारीक रेघा चिकटून गेल्या आहेत. तेवढ्या भागासाठी आधी बिनकॉम्प्रेशनची (न दाबलेली) टिफ प्रत मिळवावी लागेल.