सुर्ल्याहून पणजीला, एकट्याने सायकलवरून

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातील सुर्ला गावी मामांकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी एकट्याने सायकलने पणजी गाठायची, असे मी जानेवारीत ठरवले, तेव्हा माझा हिशेब सोपा होता: सुर्ला चोर्ला घाटाच्या माथ्याजवळ, पणजी मांडवीच्या मुखाशी, म्हणजे दिवसभर उतारच. मामा निघताना एवढेच म्हणाले, "पायांची काळजी करू नकोस, हातांची कर."

त्याचा अर्थ घाटात कळला. माझ्या सायकलचे ब्रेक रिमवर रबर दाबणारे, जुन्या पद्धतीचे, आणि कॅरिअरवर दोन पिशव्यांचे ओझे. धुक्यात पुढचे वळण दिसत नव्हते, त्यामुळे मी दोन्ही ब्रेक सतत आवळून धरले होते. पाच-सहा वळणांतच बोटे बधिर झाली आणि जळक्या रबराचा वास येऊ लागला. कठड्याशी थांबून रिमला बोट लावले, तर चटका बसला. रिम अशी तापली की ट्यूबमधल्या हवेचा दाब वाढतो आणि ट्यूब फुटण्याची भीती असते, हे वाचून ठाऊक होते; पण घाटाआधी ते आठवायला हवे होते! रिम निवेपर्यंत थांबलो. नंतर सरळ रस्त्यावर ब्रेक सोडून वाऱ्याने रिम गार होऊ द्यायची, वळणाच्या अलीकडेच एकदा जोरात दाबून वेग मारायचा आणि वळणात शिरताना हात सैल ठेवायचा, अशी लय बसवली. खाली अंजुणे धरणाचे पाणी दिसू लागले, तेव्हा कुठे आजूबाजूला पाहण्याचे सुचले. केरीला पाहिले, तर मागचा ब्रेकशू जवळजवळ संपला होता; जवळ होता तो नवा बसवला.

साखळीत पातळ भाजी आणि पाव खाऊन डिचोली कधी मागे पडली, ते कळलेही नाही. तेथून नार्व्यापर्यंतच्या चढउतारांनी मात्र 'दिवसभर उतार' हा माझा हिशेब खोटा ठरवला. नार्व्याला सप्तकोटेश्वराचे दर्शन घेतले. मूळ देवालय पलीकडे दिवाडी बेटावर होते. पोर्तुगीज काळात ते पाडले गेल्यावर देव नदी ओलांडून इकडे आला आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी येथील मंदिराचा जीर्णोद्धार केला. सायकल घेऊन फेरीबोटीत चढताना वाटले, देव ज्या वाटेने आला तीच वाट आपण उलट्या दिशेने चाललो आहोत.

दिवाडीची शेते ओलांडून दुसऱ्या फेरीबोटीने रायबंदरला उतरलो, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. आता उरला होता रायबंदर ते पणजी हा तीनेक किलोमीटरचा, १६३३-३४ मध्ये बांधलेला पोंत द लिन्यारिश हा बांध. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरे, आणि रस्ता तळहातासारखा सपाट. पण दुपारी समुद्रावरून आत येणारा वारा नेमका समोरून तोंडावर येत होता. घाटात ज्या सायकलला आवरता आवरेना, ती येथे सर्वांत हलक्या गिअरमध्येही रेटावी लागली. एक शाळकरी पोरगा साध्या सायकलवर मला मागे टाकून गेला.

पणजीच्या बसस्थानकाशी सायकल टेकवून मामांना फोन केला.

"हात कसे आहेत?" त्यांनी विचारले.

"हात बरे आहेत, मामा. पायच उचलत नाहीत."