कायदा जवळ, उपचार घाटापलीकडे

सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचारांच्या, २०२१ च्या कायद्यानुसार स्त्रीबीज देणारी स्त्री २३ ते ३५ वर्षांची असावी लागते, तिला आयुष्यात एकदाच दान करता येते आणि तिच्याकडून सातपेक्षा अधिक बीजे घेता येत नाहीत. गरजू बाईच्या शरीराचा बाजार होऊ नये, हा त्यामागचा हेतू रास्तच आहे. मात्र त्याच वर्षीचा सरोगसी (दुसऱ्या स्त्रीने आपल्यासाठी गर्भ वाढवणे) कायदा एकट्या स्त्रियांपैकी फक्त विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीला, तीही ३५ ते ४५ वयाची असेल तरच, परवानगी देतो आणि अविवाहितेला वगळतो, हे मला पटत नाही. मातृत्वाच्या पात्रतेशी मंगळसूत्राचा संबंध काय?

आमच्या कणकवलीकडच्या वाडीतील एक सून मूल होण्याच्या उपचारांसाठी एसटीने कोल्हापूरला जाई. थंड ठेवावी लागणारी इंजेक्शने ती बर्फाच्या डब्यातून आणी. ‘वैनी, सुरमय गावली काय?’ असे कंडक्टरने विचारले, तेव्हा तिने सरळ ‘होय’ म्हटले, कारण खरे सांगितले असते तर घाट उतरायच्या आत ते गावभर झाले असते.

१९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेस्ट ट्यूब बेबीचा प्रयोग यशस्वी केला तो मुंबई महापालिकेच्या केईएममध्ये, म्हणजे सार्वजनिक रुग्णालयात. आता सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतही शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. निदान तपासण्या, समुपदेशन आणि ही इंजेक्शने देण्याची सोय तेथे व्हावी, अशी मागणी आपल्या आमदारांनी विधानसभेत लावून धरायला हवी.