चंद्रभागेच्या माहेरी

आषाढीला चंद्रभागेत पाय टेकले की सगळा शीण उतरतो. बारा वर्षं तिचं पाणी डोळ्यांना लावलं, पण ही भीमा निघते त्या भीमाशंकरच्या डोंगरावर पायी कधी गेलो नव्हतो. यंदा महाशिवरात्रीच्या आधी गेलो. पायथ्याच्या खांडसहून, गणेश घाटाने. शिडी घाट जवळचा, पण त्या शिड्या आमच्या गुडघ्यांना झेपणाऱ्या नव्हत्या.

घाटात ऊन चांगलंच भाजत होतं. माथ्यावरच्या रानात शिरलो आणि अंगावर गारवा आला. सोबतचे गावकरी मामा थबकले. "माउली, बोलू नका. वर बघा."

शेंड्याला शेकरू! तांबूस पाठ, पिवळट पोट, झुपकेदार शेपूट फांदीखाली सोडलेली. दोन्ही पंजांत फळ धरून कुरतडत होतं, सालीचा चुरा माझ्या टोपीवर पडत होता. चाहूल लागताच त्याने पलीकडच्या झाडावर झेप घेतली. हा जीव जमिनीवर क्वचितच उतरतो. घरटं, खाणं, पळणं, सगळं शेंड्यांवरूनच. फांदीला फांदी भिडलेली नसेल तर त्याची वाटच तुटली. त्याच्यासाठीच १९८५ साली इथे अभयारण्य झालं, सुमारे १३० चौरस किलोमीटरचं. पण काही देवराया त्याआधीपासूनच देवाच्या नावाने राखलेल्या आहेत. "राईतली वाळली काटकीही आम्ही घरी नेत नाही," मामा म्हणाले. मला वाटतं, भीमाशंकरची खरी पूजा हीच.

पायऱ्या उतरून देवळात गेलो, दर्शन झालं. चिमाजीअप्पांनी १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीजांची घंटा पाहिली. तिच्यावर १७२९ हे साल आहे.

मग गुप्त झालेली भीमा पुन्हा प्रकटते असं म्हणतात, त्या गुप्त भीमाशंकरची रानवाट धरली. जागोजागी पाण्याच्या बाटल्या आणि द्रोण पडलेले. जीव कळवळला. ज्या नदीला आपण माय म्हणतो, तिच्या उशाशी हा कचरा टाकवतो तरी कसा? आम्ही दोन पिशव्या भरल्या.

ओढ्यात पाणी जेमतेम होतं. कातळाच्या खाचेतून करंगळीएवढी धार पाचोळ्याखाली शिरत होती. मामांनी पाचोळा हलकेच बाजूला केला. मी ओंजळ धरली. ती भरायला बराच वेळ लागला. तोवर आम्ही कोणीच बोललो नाही.