“पीएचपी मेलंय ना, काका?”

शेजारच्या मुलीने आज जिन्यातच गाठलं. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, नोड.जेएसच्या, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवायच्या साधनाच्या, कोर्सची फी भरायला उद्याची शेवटची तारीख. आमच्या इंदूरच्या रामबागेत अशी घाईत असलेली मुलं हल्ली घरोघरी दिसतात.

मेलं कुठे? वेबसाइट बनवायची १९९५ची भाषा, पण विकिपीडिया आजही तिच्यावरच चालतो, वर्डप्रेसही. २०१५ साली पीएचपी ७ आलं आणि तीच जुनी पानं कितीतरी वेगाने उघडू लागली.

नोड २००९चं. हजारो जोडण्या एकाच वेळी उघड्या ठेवायच्या असतील, म्हणजे चॅट, लाइव्ह स्कोअर वगैरे, तर ते खरंच उत्तम. पण राजवाड्याजवळच्या कापडदुकानाच्या ऑर्डरी सांभाळायला दोन्ही चालतील. तिथे साइट अडते ती बहुधा डेटाबेसपाशी. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, वाईट; इंडेक्स, म्हणजे माहिती पटकन शोधायची सूची, नाही.

म्हटलं, आधी एचटीटीपी (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या संवादाचे नियम) आणि एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) पक्कं कर. एसक्यूएल १९७०च्या दशकातलं, अजून ठणठणीत आहे.

ती म्हणाली, “पण नोकरीच्या जाहिरातीत इंडेक्स कुठे लिहिलेलं असतं?”

हे मात्र दिवसभर डोक्यातून गेलं नाही. खरंच तर बोलली. जाहिरातीत फ्रेमवर्कांचीच, म्हणजे साइट बांधायच्या तयार सांगाड्यांचीच, नावं असतात.

इंदूरमध्ये मुलांना कामावर घेणाऱ्यांनो, मुलाखतीत तुम्ही नेमकं काय विचारता?