शेरेबुकात न उतरलेल्या गोष्टी

मार्च २०२५ मधील एका सोमवारी सकाळी माझ्या मुलीच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांचा निरोप आला, की मंगळवार आणि बुधवार असे दोन दिवस ऑफस्टेडचे निरीक्षक शाळा तपासायला येत आहेत. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात येऊन आम्हाला तेव्हा अडीच वर्षे झाली होती आणि वर्षभरापूर्वी इतर पालकांनी मतदान करून मला शाळेच्या नियामक मंडळावर निवडून दिले होते. इंग्लंडमधील शाळांची तपासणी करणारी ऑफस्टेड ही सरकारी यंत्रणा १९९२ च्या कायद्यातून उभी राहिली. तिच्याविषयी येथील शिक्षकांच्या मनात असलेले दडपण मी ऐकून होते. प्रत्यक्ष तपासणी मात्र पहिल्यांदाच पाहत होते.

मंगळवारी दुपारी निरीक्षकांनी आम्हा मंडळाच्या सदस्यांना बसवून घेतले आणि विचारले, ‘वाचनात सर्वांत मागे असलेल्या मुलांविषयी तुम्हाला काय माहीत आहे?’ मी पहिलीच्या मुलांची उच्चार-वाचन चाचणी, तिचा निकाल आणि आधीच्या वर्षाशी तुलना असे सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पुढचा प्रश्न केला, ‘यांपैकी एखाद्या मुलाला वाचताना तुम्ही ऐकले आहे का?’ मी ऐकले नव्हते, आणि तसे सांगताना मला मनापासून वाईट वाटले. त्या निरीक्षक बाई स्वतः मात्र सकाळीच मागे पडलेल्या काही मुलांच्या शेजारी बसल्या होत्या आणि मुलांच्या ओळखीच्या शिक्षिकेसमोर त्यांना वाचताना ऐकून आल्या होत्या. उत्तम वाचणारी मुले पाहुण्यांसमोर उभी करायची आपल्याकडे रीत आहे. येथे ज्याला वाचता येत नाही त्याच्यापासून तपासणी सुरू होते, हे मला फार मोलाचे वाटले.

काही आठवड्यांनी आलेला अहवाल पाच-सहा पानांचाच होता. त्याचा पहिला भाग ‘या शाळेत शिकणे कसे असते’ हे मुलांच्या बाजूने सांगतो, त्यानंतर शाळा काय चांगले करते आणि काय अधिक चांगले करायला हवे ते येते, आणि शेवटी सुधारणेचे मोजके मुद्दे असतात. आमच्या शाळेची जमेची बाजू म्हणून इंग्रजी न येता दाखल झालेल्या मुलांना शाळा कसे सामावून घेते, हे लिहिले होते. ते वाचताना मला सप्टेंबर २०२२ मधील माझी चार वर्षांची मुलगी आठवली. तेव्हा तिच्या वर्गशिक्षिकेने माझ्याकडून पाणी, भूक, शू, दुखतंय, आई असे दहा मराठी शब्द उच्चारासह लिहून घेतले होते आणि तो कागद वर्षभर आपल्या टेबलाजवळ चिकटवून ठेवला होता. उणीवही तितक्याच नेमकेपणाने नोंदवलेली होती. लहान वर्गांत पेन्सिल धरण्याची आणि अक्षर वळवण्याची चूक वेळीच दुरुस्त होत नाही, ती सवय होऊन बसते आणि पुढच्या वर्गांत मुलांचे लेखन त्यामुळे अडते, असे त्यात म्हटले होते. कोणत्या वयात काय चुकते आणि त्याचा परिणाम कोठे दिसतो हे एका वाक्यात कळल्यामुळे शिक्षकांनी काम कोठून सुरू करायचे यावर वादच उरला नाही.

याच पद्धतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२४ पर्यंत संपूर्ण शाळेला ‘उत्कृष्ट’, ‘चांगली’, ‘सुधारणा आवश्यक’ किंवा ‘अपुरी’ यांपैकी एकच शेरा मिळत असे. जानेवारी २०२३ मध्ये रेडिंग येथील एका मुख्याध्यापिकेने, शाळेचा दर्जा थेट सर्वांत खालच्या पायरीवर येणार हे कळल्यानंतर, आत्महत्या केली आणि त्या मृत्यूला तपासणीचाही हातभार लागला असा निष्कर्ष त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यायिक चौकशीतून निघाला. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी शाळांसाठी हा एकत्रित शेरा बंद झाला आणि नोव्हेंबर २०२५ पासून वेगवेगळ्या क्षेत्रांची स्वतंत्र नोंद करणारे प्रगतिपत्रक आले. त्यामुळे तेथील पद्धत जशीच्या तशी उचलावी असे मी मुळीच म्हणणार नाही. उचलण्यासारखे आहे ते नेमके लिहिलेले वाक्य.

ऑगस्टमध्ये आम्ही गावी आलो तेव्हा हे सगळे मनात ताजे होते. अमळनेर तालुक्यातील आमच्या गावात जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा आहे, पट अडतीस आणि शिक्षक दोन. माझी वहिनी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असणे बंधनकारक केले आहे, शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचे कामही समितीकडेच सोपवले आहे. परंतु वहिनीच्या सांगण्याप्रमाणे बैठक म्हणजे इतिवृत्तावर सह्या आणि चहा एवढेच होत आले होते. मुख्याध्यापक सरांची परवानगी घेऊन पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात आम्ही दोघी दोन दिवस शाळेत बसलो.

शाळेला भेट देणारे अधिकारी ज्यात आपला शेरा लिहितात ते शेरेबुक सरांनी समोर ठेवले. ‘शाळेस भेट दिली. परिसर स्वच्छ. पोषण आहार समाधानकारक. मुलांची प्रगती चांगली,’ असे शेरे एकापाठोपाठ एक होते. तारखा बदलत होत्या, मजकूर बदलत नव्हता. दोष कोणा एका अधिकाऱ्याचा नाही. आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या एका केंद्रप्रमुखाकडे कितीतरी शाळा असतात आणि माहिती भरण्याचे काम संपत नाही. आपल्याकडे चौकटच नाही असेही नाही. २०१५ मध्ये आलेल्या शाळासिद्धी कार्यक्रमात सात मुख्य क्षेत्रे आणि ४६ मानके आहेत, आणि शाळेने स्वतःचे मूल्यमापन करून प्रत्येक मानकासाठी तीनपैकी एक स्तर निवडायचा असतो. स्तराचा आकडा निवडून झाला की त्यामागचे मूल मात्र डोळ्यांसमोरून निघून जाते.

दुसरीतील एका मुलाला मी धडा वाचायला सांगितले. ‘मु-ल-गा’ अशी अक्षरे त्याने बोट ठेवून बरोबर वाचली, पण वाक्यात काय घडले असे विचारल्यावर तो खाली पाहत गप्प बसला. मग मी त्याच्या घरच्या अहिराणी बोलीत विचारले, ‘तुना घर कोन कोन शे?’ (तुझ्या घरी कोण कोण आहे?) त्याबरोबर आजी, म्हैस, नुकतेच व्यालेले मांजर आणि सुरतेला कामाला गेलेला काका असे सगळे त्याने भडाभडा सांगितले. त्याची अडचण बुद्धीची नव्हती. घरची अहिराणी आणि पुस्तकाची प्रमाण मराठी यांना जोडणारा पूल त्याच्यासाठी अजून पूर्ण झाला नव्हता.

आणि तो पूल बांधणारी व्यक्ती त्याच खोलीत होती. दुसऱ्या शिक्षिका सोलापूरकडच्या आहेत; बदलीने येथे आल्यावर मुलांचे बोलणे कळेना म्हणून त्यांनी मुलांकडूनच शब्द शिकून घेतले आणि भिंतीवर तक्ता लावला. ‘आंडोर – मुलगा, आंडेर – मुलगी, माले – मला, तुले – तुला’ असे सत्तरएक शब्द त्यावर आहेत आणि नवा शब्द आणणाऱ्या मुलाचे नाव त्याच्यापुढे लिहिलेले आहे. शिक्षण शक्यतो मुलाच्या मातृभाषेतून व्हावे, असे शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात म्हटले आहे आणि या बाईंनी ते कोणी न सांगता आपल्या परीने केले. कॉव्हेंट्रीच्या अहवालात ज्या गोष्टीचे कौतुक छापून आले, तीच गोष्ट माझ्या गावातील शाळेत घडत होती आणि शेरेबुकात तिच्याविषयी एक ओळही नव्हती.

संध्याकाळी सर, बाई, वहिनी आणि आणखी तीन पालक अशा आम्ही एकाच पानावर नोंदी केल्या. बलस्थान म्हणून शब्दांचा तक्ता पहिला लिहिला. उणिवांमध्ये, दुसरीतील चार मुलांना वाचलेले समजत नाही, मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी तिसरी-चौथीच्या मुली घरी राहतात, अशी तीन वाक्ये लिहिली. तिसरे वाक्य लिहिताना एक पालक अस्वस्थ झाले, कारण त्यांचीच मुलगी गेल्या वर्षी अशी घरी राहिली होती. ‘लिहा, खरं आहे ते,’ असे शेवटी त्यांनीच सांगितले. प्रत्येक वाक्यापुढे कोणी काय करायचे आणि कधीपर्यंत, हेही लिहिले.

कडी पोळ्यानंतर लगेच बसली. त्या चार मुलांना वहिनी दर मंगळवारी आणि शुक्रवारी मधल्या सुट्टीआधी दहा मिनिटे वाचताना ऐकते, आणि वाचलेले त्यांनी आधी अहिराणीत सांगितले तरी चालते असे बाईंनी ठरवून दिले आहे. त्यांतील दोघे आता छोटी गोष्ट वाचून सांगतात. वेचणीचा प्रश्न मात्र तसाच आहे: या डिसेंबरात चौथीतील दोन बहिणी अजून शाळेत आलेल्या नाहीत, आणि लहान भावंडांना शाळेच्या वेळेत अंगणवाडीत बसवता येईल का, हे विचारण्यासाठी जानेवारीच्या बैठकीला अंगणवाडीसेविकांना बोलावले आहे.