क्लासिक कार शोमध्ये व्हॅन का नको?

आजच्या क्लासिक कार शोमध्ये सगळ्यात जास्त रेंगाळले ती एका डिलिव्हरी व्हॅनपाशी. दाराची कड हात लागून लागून पार पत्र्यापर्यंत झिजलेली, बाजूची रंगवलेली अक्षरं पुसट. कुणीतरी म्हणालं, "हिला इथे कशाला आणलंय?" मला हे अजिबात पटलं नाही. फिवा ही जुन्या वाहनांची जागतिक संघटना ऐतिहासिक वाहनासाठी किमान ३० वर्षं वय, जपलेलं मूळ रूप आणि रोजच्या वापरात नसणं एवढंच बघते. दिमाख नाही. आज क्लासिक मानली जाणारी फोर्ड मॉडेल टी ही सामान्यांची मोटार तर १९०८ ते १९२७ मध्ये दीड कोटींवर बनली! महागड्या गाड्या जपणारे मिळतातच, राबणाऱ्या गाड्या मात्र थेट भंगारात जातात. ट्रक, ट्रॅक्टर, रुग्णवाहिका, सगळं आणा. फक्त रेप्लिका, म्हणजे जुन्या गाडीची नव्याने बनवलेली नक्कल, असेल तर तशी स्पष्ट पाटी लावा.